मनातल्या भीतीशी नव्वद वर्षे झुंजलेला संत
संत आल्फॉन्स लिगोरी (सण : १ ऑगस्ट)

ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेला ख्रिस्तसभा संत आल्फॉन्स लिगोरी ह्यांचा सण साजरा करते. आपल्यापैकी अनेकजण बुधवारच्या नोव्हेनाला माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये जातात. तेथे ज्या निरंतर साहाय्य मातेपुढे आपण मेणबत्ती लावतो, तिचे मूळ चित्र १८६६ पासून रोम शहरातील एका चर्चमध्ये आहे. ते चर्च ह्याच संत आल्फॉन्स ह्यांच्या नावाचे आहे आणि ते चित्र जगभर नेणारा रिडेम्प्टोरिस्ट संघ हा त्यांनीच स्थापन केलेला संघ आहे. म्हणजे नाव परिचयाचे नसले तरी हा संत आपल्याला अगदीच परका नाही.

वकील, धर्मगुरू, संघाचे संस्थापक, बिशप, शंभरावर लहानमोठ्या ग्रंथांचे लेखक आणि ख्रिस्तसभेचे आचार्य अशी त्यांची ओळख करून दिली जाते. ती खरीच आहे. परंतु त्यांच्या जीवनाची आणखी एक बाजू आहे, जिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. ह्या थोर संताचे मन तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत भीतीने आणि शंकांनी पोखरलेले होते. त्यांना ह्या दुखण्यातून कायमची सुटका कधी मिळाली नाही. ते त्या दुखण्यासह रोज उठले, रोज कामाला लागले आणि त्यासहच संत झाले. ह्या सणानिमित्त आम्ही तीच बाजू आपल्यापुढे ठेवीत आहोत.

ह्याला कारण आहे. आपल्या अनेक घरांत आज असे कुणीतरी आहे, ज्याला रात्र रात्र झोप लागत नाही, ज्याच्या छातीत विनाकारण धडधडते, ज्याला सकाळी अंथरुणातून उठणे डोंगर चढण्यासारखे वाटते. अशा माणसाला आपण काय सांगतो? जास्त प्रार्थना कर, देवावर विश्वास ठेव, उगाच विचार करू नकोस. आपण हे प्रेमापोटी बोलतो. पण ऐकणाऱ्याच्या मनावर आणखी एक ओझे चढते. आधी दुःख होतेच, आता त्यावर आपला विश्वास कमी पडला ही टोचणी येते. संत आल्फॉन्स ह्यांचे चरित्र नीट वाचले तर हा गैरसमज दूर होण्यास मदत होईल असे आम्हाला वाटते.

हुशार मुलगा, कडक वडील

आल्फॉन्स ह्यांचा जन्म २७ सप्टेंबर १६९६ रोजी इटलीतील नेपल्स शहराजवळ मारियानेल्ला येथे झाला. वडील डॉन जुझेप्पे हे नेपल्सच्या आरमारात अधिकारी होते. स्वभावाने कडक व महत्त्वाकांक्षी. आई आन्ना ही अतिशय भाविक होती. थोरल्या मुलाने घराण्याचे नाव मोठे करावे ही वडिलांची इच्छा. त्यामुळे त्याला भाषा, गणित, चित्रकला, संगीत सर्व काही शिकवण्यात आले. संगीतात त्याने एवढी प्रगती केली की पुढे त्याने रचलेले नाताळगीत इटलीत आजही घरोघर गायले जाते. वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १७१३ मध्ये, त्याने कायद्याची डॉक्टरेट मिळवली.

वकिलीत जम बसला. पण १७२३ मध्ये एका मोठ्या जहागिरीच्या खटल्यात तो उभा राहिला आणि त्याने जोरदार भाषण केले. भाषण संपल्यावर विरुद्ध बाजूच्या वकिलाने एका कागदाकडे बोट दाखवले. तो कागद आल्फॉन्सच्या नजरेखालून गेला होता, पण त्याचा अर्थ त्याच्या ध्यानी आला नव्हता. सारा खटला त्या एका कागदापाशी कोसळला. आल्फॉन्स घरी गेला, खोलीचे दार लावून घेतले आणि तीन दिवस अन्नाला शिवला नाही.

ज्या माणसाला चूक होण्याचीच भीती वाटते, त्याच्या हातून भर न्यायालयात सर्वांसमक्ष चूक व्हावी, ह्याहून मोठा आघात कोणता? तरी ह्याच घटनेतून त्याला नवी वाट सापडली. नेपल्समधील असाध्य रोग्यांच्या इस्पितळात तो पूर्वीपासून सेवेला जात असे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथेच त्याला देवाचे बोलावणे स्पष्ट जाणवले. तेथून तो पवित्र मरियेच्या एका चर्चमध्ये गेला आणि सरदारपुत्र म्हणून कमरेला असलेली तलवार तिच्या पायांशी ठेवून दिली. वडिलांचा कडवा विरोध सोसून २१ डिसेंबर १७२६ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने गुरुदीक्षा घेतली.

चपलेतला खडा

आल्फॉन्स ह्यांना जे दुखणे होते त्याला ख्रिस्तसभेच्या जुन्या भाषेत एक नाव आहे, स्क्रूपल. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहान टोकदार खडा. चपलेत असा खडा शिरला की माणूस लंगडत नाही, पडत नाही, पण प्रत्येक पाऊल टाकताना तो टोचतो. मनाचेही तसेच होते. जे पाप नाही ते पाप वाटते. पापनिवेदन करून बाहेर पडताच शंका येते, सर्व सांगितले का? नीट सांगितले का? मनात नकोसा विचार येऊन गेला, तो मीच आणला का? पुन्हा पापनिवेदन केले तर घटकाभर बरे वाटते आणि खडा पुन्हा टोचू लागतो.

आजचे मनोविकारतज्ज्ञ अशा लक्षणांकडे पाहून बहुधा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, एक प्रकार म्हणतील. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या आजाराचे निदान आम्ही येथे करू इच्छीत नाही. परंतु ज्यांना असा त्रास होतो त्यांना त्याच्या खुणा लगेच ओळखू येतील. अशा सततच्या चिंतेच्या पाठोपाठ पुष्कळदा खिन्नता येते, कशातही रस वाटेनासा होतो. आल्फॉन्स ह्यांनाही असे कोरडे, अंधारे काळ पुन्हा पुन्हा सोसावे लागले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो काळच भीती वाढवणारा होता. त्यावेळी अनेक धर्मगुरू फार कठोर शिकवण देत. माणूस ख्रिस्तप्रसादाला पात्रच नाही असे सांगून लोकांना वेदीपासून दूर ठेवले जाई, पापमुक्ती देण्यासही टाळाटाळ केली जाई. आल्फॉन्स ह्यांचे स्वतःचे शिक्षणही अशाच कडक पुस्तकांतून झाले होते. आधीच घाबरट मन आणि वर तशी शिकवण, म्हणजे आगीत तेल.

रोजचा दिवस कसा काढला?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. असे मन घेऊन आल्फॉन्स जगले कसे? त्यांच्या चरित्रातून आम्हाला चार गोष्टी दिसतात.

पहिली, त्यांनी आपले मन एका विश्वासू माणसापुढे उघडे केले. सुरुवातीला फादर पागानो, नंतर बिशप फाल्कोया, त्यांच्यानंतर फादर काफारो व शेवटी फादर विल्लानी असे त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. एकावेळी एकच. दहा जणांना दहा वेळा विचारायचे आणि अधिक गोंधळून जायचे, असे त्यांनी केले नाही. स्वतःचे मन खवळलेले असेल तेव्हा स्वतःच्या निर्णयावर विसंबायचे नाही, मार्गदर्शकाने शांतपणे जे सांगितले आहे तेच धरून चालायचे, हा त्यांनी नियम केला. ज्याने इतरांच्या सदसद्विवेकबुद्धीला वाट दाखवणारे ग्रंथ लिहिले, त्याला स्वतःच्या मनापुरती दुसऱ्याची काठी लागत होती, आणि ती हातात घेण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

दुसरी, त्यांनी वही ठेवली. मार्गदर्शकांनी दिलेला सल्ला ते त्या वहीत टिपून ठेवीत. चिंतेने ग्रासलेल्या मनाला काल मिळालेला धीर आज आठवत नाही. लिहून ठेवलेला शब्द मात्र जागच्या जागी राहतो.

तिसरी, त्यांनी दिवसाला आकार दिला. वेळ वाया घालवायचा नाही असे त्यांचे व्रत होते. उपदेश, लेखन, खेड्यापाड्यांतील मिशन, प्रार्थना असा त्यांचा दिवस भरलेला असे. परंतु येथे एक सावधगिरी हवी. अतिश्रमाने १७३० मध्ये त्यांची प्रकृती पार ढासळली आणि विश्रांतीसाठी सोबत्यांसह त्यांना आमाल्फीजवळच्या डोंगरांत जावे लागले. त्यांनी शरीराला दिलेले कठोर क्लेशही आपण गिरवावेत असे नाहीत. दिवसाला आकार हवा तसा विसावाही हवा, हे त्यांच्या आजारपणातून आपण शिकायचे.

चौथी, त्यांची प्रार्थना रोजची आणि लहान होती. १७४५ मध्ये त्यांनी पवित्र साक्रामेंताच्या भेटींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एकतीस भेटी आहेत, महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक. आज आजची भेट, उद्या उद्याची. ज्याला सबंध आयुष्याचा विचार झेपत नाही, त्याला आजचा एक दिवस झेपू शकतो.

डोंगरातील मेंढपाळ

१७३० च्या त्या सक्तीच्या विश्रांतीतच आल्फॉन्स ह्यांना आपले जीवनकार्य सापडले. स्काला गावाच्या वरच्या डोंगरावर त्यांना गरीब मेंढपाळ व शेतमजूर भेटले. नेपल्स शहरात धर्मगुरूंची गर्दी, आणि ह्या लोकांना प्रभूची ओळख करून द्यायला कुणी नाही, हे पाहून ते कळवळले. ९ नोव्हेंबर १७३२ रोजी स्काला येथे त्यांनी अशा टाकलेल्या लोकांसाठी संघ स्थापन केला. तोच आजचा रिडेम्प्टोरिस्ट संघ.

सुरुवात मात्र निराशाजनक झाली. काही महिन्यांतच मतभेद होऊन जवळजवळ सर्व सोबती सोडून गेले. उरले आल्फॉन्स आणि ब्रदर वितो कुर्त्सिओ. नेपल्समध्ये लोक हसू लागले. स्वतःविषयी सदैव साशंक असणाऱ्या माणसाने अशा वेळी गाशा गुंडाळला असता तर नवल नव्हते. आल्फॉन्स थांबले, मार्गदर्शकाचा सल्ला घेतला आणि होते त्या एका ब्रदरला घेऊन पुढे निघाले. हळूहळू माणसे मिळत गेली. १७४९ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट ह्यांनी संघाच्या नियमांना मान्यता दिली.

स्वतःच्या जखमेतून इतरांना औषध

आल्फॉन्स ह्यांचा नीतिशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रथम १७४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे त्यांनी तो सतत वाढवला. धर्मगुरूंनी पापनिवेदन ऐकताना ना फार ढिले असावे ना फार कठोर, असा मधला मार्ग त्यांनी दाखवला. पाप्याला घालवून देणारा न्यायाधीश नको, जखम बांधणारा वैद्य हवा, ही त्यांची दृष्टी. भीती म्हणजे काय हे स्वतः भोगल्यामुळे ते भिणाऱ्यांशी इतके कोमल होऊ शकले असे आम्हाला वाटते.

शंकांनी पछाडलेल्यांसाठी त्यांनी त्या ग्रंथात उपाय दिले आहेत. देवाकडे मदत मागावी. रिकामे बसू नये. भीती वाढवणारी पुस्तके वाचू नयेत. तशाच शंकेखोर माणसांशी त्याच त्या गोष्टी उगाळत बसू नये. आत्मपरीक्षण लांबवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, मार्गदर्शकाचे ऐकावे आणि शंका टोचत असतानाही, तिला न जुमानता पुढे पाऊल टाकावे.

हे वाचून आजचा डॉक्टर चकित होईल. कारण ह्या आजारावर आज जी उपचारपद्धती वापरली जाते, तिच्यातही रुग्णाला हळूहळू हेच शिकवले जाते. भीतीचे ऐकून पुन्हा पुन्हा हात धुवायचे नाहीत, पुन्हा पुन्हा कुलूप तपासायचे नाही, पुन्हा पुन्हा तीच खात्री मागायची नाही. थोडा वेळ अस्वस्थता सोसली की ती आपोआप ओसरते. शास्त्र जन्माला येण्यापूर्वी एका दुखावलेल्या मनाने स्वतःच्या अनुभवातून ही वाट चाचपडत शोधली होती.

बिशपपद आणि शेवटचा अंधार

१७६२ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, त्यांची सान्त'आगाता दे'गोती येथे बिशप म्हणून नेमणूक झाली. ती त्यांना नको होती. नेमणुकीच्या धसक्याने ते तापाने फणफणून मरणाच्या दारी पोहोचले. बरे झाले आणि कामाला लागले. १७६३-६४ च्या दुष्काळात भुकेलेल्यांना अन्न मिळावे म्हणून त्यांनी आपली गाडी व खेचरे विकली. १७६८ मध्ये संधिवाताच्या भयंकर आजाराने त्यांची मान एवढी वाकली की हनुवटी छातीत रुतून जखम झाली. पाणी नळीने प्यावे लागे. त्यांच्या चित्रांत मान झुकलेली दिसते ती ह्यामुळे. १७७५ मध्ये पोप सहावे पायस ह्यांनी त्यांचा राजीनामा स्वीकारला आणि ते पागानी येथील आपल्या संघाच्या मठात परतले.

तेथेही विसावा नव्हता. राज्य सरकारची मान्यता मिळवण्यासाठी संघाचे नियम बदलून तयार केलेल्या एका कागदावर त्यांची सही घेण्यात आली. त्यावेळी ते चौऱ्याऐंशीच्या घरात होते. दृष्टी अधू, कान निकामी. ह्या बदललेल्या नियमांमुळे १७८० मध्ये पोपमहोदयांनी नेपल्स राज्यातील मठांना संघाबाहेर ठेवले. म्हणजे संस्थापकच आपल्या संघाबाहेर गेले. तरुणपणी एका कागदाने वकिली घेतली, म्हातारपणी दुसऱ्या कागदाने संघ घेतला. संघाची दोन्ही अंगे पुन्हा एकत्र आली ती १७९३ मध्ये. ते पाहायला आल्फॉन्स हयात नव्हते.

त्यानंतर आला मनाचा सर्वांत गडद अंधार. १७८४ च्या सुमारास जवळजवळ अठरा महिने जुन्या शंका आणि भयांनी त्यांना घेरले. श्रद्धेच्या प्रत्येक गोष्टीविषयी मनात प्रश्न उठत. आपला नाश होणार असे वाटे. ज्यांनी हजारो लोकांना देवाच्या दयेची खात्री दिली, त्यांना स्वतःला ती खात्री वाटेना. अशा वेळी त्यांनी काय केले? तेच, जे आयुष्यभर केले होते. जवळच्या धर्मगुरूला बोलावले, मन मोकळे केले, त्याने सांगितले ते मानले. अधूनमधून उजेडाचे क्षण येत आणि पुन्हा अंधारून येई. अखेर ते वादळ शमले. १ ऑगस्ट १७८७ रोजी दुपारी आंजेलसची घंटा होत असताना, नव्वदाव्या वर्षी, त्यांनी शांतपणे देह ठेवला.

१८३९ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले, १८७१ मध्ये ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून गौरवण्यात आले आणि १९५० मध्ये पोप बारावे पायस ह्यांनी त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत घोषित केले. ज्यांना स्वतःला पापनिवेदनानंतर शांती मिळणे कठीण जाई, त्यांच्याच हाती ख्रिस्तसभेने हे काम सोपवले.

आपण काय घ्यावे?

संत आल्फॉन्स ह्यांच्याइतकी प्रार्थना आपल्यापैकी किती जण करतात? तरीही त्यांची भीती गेली नाही. म्हणून ह्यापुढे कुणाच्या उदासपणाचे मोजमाप आपण त्याच्या विश्वासावरून करू नये. मधुमेह झालेल्याला आपण विश्वास कमी पडला असे सांगत नाही. मनाच्या आजाराविषयीही तेच.

आल्फॉन्स ह्यांच्या काळी मनाचे डॉक्टर नव्हते. आपल्या काळी आहेत, औषधे आहेत, समुपदेशन आहे. त्यांचा उपयोग करणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे. धर्मगुरूकडे जाणे आणि डॉक्टरांकडे जाणे ह्यांत भांडण नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी, बरे वाटू लागले म्हणून किंवा नवस केला म्हणून, त्यांना न विचारता बंद करू नये. कोठे जावे हे कळत नसेल तर केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे घरातील कुणी बोलून दाखवले तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

आणि जे स्वतः हे ओझे वाहत आहेत त्यांना आमचे एवढेच सांगणे. एक विश्वासू माणूस शोधा. अंधाऱ्या घटकेत आयुष्याचे मोठे निर्णय घेऊ नका. उजेडात मिळालेला धीर वहीत टिपून ठेवा. प्रार्थना मोठी जमत नसेल तर लहान करा. तीही जमत नसेल तर चर्चमध्ये येऊन नुसते बसा, तुमच्या वतीने आम्ही प्रार्थना करू. घरच्यांनी उपदेश थोडा कमी करावा आणि शेजारी बसणे थोडे वाढवावे.

येत्या सणाच्या पवित्र मिस्सात आपल्या धर्मग्रामातील अशा सर्व बंधू-भगिनींची आठवण करू या. मान वाकलेली असतानाही आयुष्यभर प्रभूकडे पाहत राहिलेले संत आल्फॉन्स त्यांच्यासाठी विनंती करोत.